मान वर करून पाहू या
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरगावच्या कोणी विदुषी व्याख्यानाला येतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच गाठले आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही मुंबईची नि बडोद्याची वाचनालये पाहून आलात म्हणे. त्याचेच चार शब्द सांगा." मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. इमारतींच्या शास्त्रातले मला काही कळते, अशातला भाग नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते घर सांभाळणाऱ्या एका बाईने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, इतकेच समजावे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी नुसते प्रवासवर्णन करायला उभी राहिलेली नाही. आपल्या गावच्या वाचनालयाची जुनी इमारत पाडून तिथे खाली दुकानांचे गाळे आणि वर वाचनालय असे बांधावे, हा विषय पुढच्या महिन्यातल्या सभेपुढे येणार आहे. आपल्यापैकी पुष्कळजणी वाचनालयाच्या सभासद आहेत. हात वर करण्याआधी काही गोष्टी तुमच्या कानांवर घालाव्यात, म्हणून मी चिटणीसबाईंना हो म्हटले.

भगिनींनो, आपण बायका घरात जितका वेळ काढतो तितका पुरुष काढीत नाहीत. पण आपले पाहणे सगळे खाली असते. केर खाली, चूल खाली, रांगोळी खाली, आणि लहानपणापासूनची शिकवण तर खाली मान घालून चालण्याचीच. कोणत्या फरशीला कुठे चीर आहे हे आपल्याला झोपेतसुद्धा सांगता येईल. पण आढ्याला किती तुळया आहेत असे कोणी विचारले तर आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहू. जळमटे काढण्यापुरतीच काय ती आपली नजर वर जाते!

माझेच सांगते. १९७२ साली लग्न होऊन मी सासरच्या वाड्यात आले. दिंडी दरवाजा, आत सपरी, मग चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंना ओसरी, पलीकडे माजघर आणि देवघर. भिंती पांढरीच्या मातीच्या, दीड हात रुंद. वर कवेलू. ओसरीचे खांब आपल्याच जिल्ह्यातल्या जंगलातल्या सागाचे. खाली कमळ, मधे सुरूच्या झाडासारखा निमुळता घाट आणि वर तुळईला टेकताना दोन्ही बाजूंना केळफुले कोरलेली. पुण्याला दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेला विश्रामबागवाडा आहे, त्याचे असेच सुरूदार खांब लोक मुद्दाम पाहायला जातात. आमच्या घरी त्याच घाटाच्या खांबांना आम्ही दोरी बांधून लुगडी वाळत घालीत होतो.

सासूबाई निरक्षर होत्या, पण त्यांना ते खांब फार प्रिय. दर दिवाळीला स्वतःच्या हाताने त्यांना तेल लावीत. मी एकदा म्हटले, "आत्याबाई, गडी लावील की." त्या म्हणाल्या, "गडी लावते बाई, पन पायत नाई. तेल लावताना पायनं होते म्हून मी लावतो." तेव्हा मला हसू आले होते. आज वाटते, आमच्या घरात पाहणारी अशी ती एकच बाई होती.

त्या जाऊन दोन वर्षे झाली आणि १९९४ साली वाडा पडला. कोणी म्हणेल, पुरुषांनी पाडला असेल. नाही. पहिला होकार माझा आणि माझ्या जावेचा होता. खोटे कशाला बोलू? वाड्यात बाईचे हाल होते. रोहिणी लागल्या की कवेलू फेरण्याची घाई, पावसात जागोजाग पातेली मांडायची, सारवण, विहिरीचे पाणी, न्हाणीला धड दार नाही. आम्हांला नळ पाहिजे होता, फरशी पाहिजे होती, दार लागणारी न्हाणी पाहिजे होती. हे मागण्यात काही चूक नव्हती. चूक एवढीच झाली, की न्हाणीसाठी सारा वाडा पाडावा लागत नाही, हे आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

लाकूडफाटा घेणारा आला आणि आठ खांब, तुळया, दिंडी दरवाजा, सगळे एका दिवसात ट्रकमध्ये चढले. जावेने बंगईच्या कड्या तेवढ्या काढून ठेवल्या. एक खांब थोडा चिरलेला होता, तो त्याने नको म्हणून टाकला. तो अजून माझ्या अंगणात आहे. नव्या घरातला पहिला वैशाख मला आठवतो. आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. रात्री बारा वाजेपर्यंत स्लॅब निखाऱ्यासारखा तापलेला. वाड्यात आम्ही दुपारी माजघरात जमिनीवर अंग टाकीत होतो आणि पंख्याची आठवण होत नव्हती. इथे कूलर लावूनही मुले रडत होती. त्या रात्री मला प्रथम वाटले, की आपण नुसत्या भिंती पाडल्या नाहीत, त्या भिंतींमध्ये कोणीतरी घालून ठेवलेला विचार पाडला.

पण पडले ते पडले. त्यानंतर मी मान वर करून पाहायला लागले, एवढाच त्यातला लाभ. नोकरी संपली, गुडघे अजून चालत होते, तेव्हा मुलीकडे मुंबईला गेले म्हणजे एखादी जुनी इमारत पाहायची, असा परिपाठ ठेवला. त्यातल्या तीन वाचनालयांविषयी सांगते.

पहिले मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय. त्याच्या डोक्यावरचा राजाबाई टॉवर आपण चित्रात पाहिलेला असतो. याचा पाया १ मार्च १८६९ रोजी घातला आणि काम १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले. उंची २८० फूट. नकाशे केले ते इंग्लंडचे प्रसिद्ध वास्तुतज्ज्ञ सर गिल्बर्ट स्कॉट यांनी, आणि गंमत म्हणजे त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नव्हते! दगड मात्र कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा, आणि हात इथल्याच कारागिरांचे. वर कोनाड्यांतून पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे चोवीस पुतळे उभे केले आहेत. विलायती घाटाची इमारत, पण तिच्या अंगाखांद्यावर आपली माणसे!

टॉवरला पैसे दिले कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आपल्या आईचे, राजाबाईंचे. राजाबाई जैनधर्मीय, सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, आणि त्यांना दिसत नव्हते. घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट ऐकताना माझ्या मनात दुसरेच आले. प्रेमचंद शेठांचा भरभराटीचा काळ म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा, १८६१ ते १८६५ चा. तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला. त्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला उमरावती, म्हणजे आपल्या अमरावतीवरून 'उमरा' असे नावच पडले होते. म्हणजे भगिनींनो, मुंबईच्या त्या सोन्याच्या दिवसांत आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांचाही वाटा होता. ज्या बायांनी कंबर वाकवून तो कापूस वेचला त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. पण खाली उभी राहून वर पाहताना मला परक्यासारखे वाटले नाही, हे खरे.

माझी भाची तेव्हा तिथे शिकत होती. ती मला वरच्या वाचनदालनात घेऊन गेली. उंच लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या. सकाळची उन्हे त्या काचांतून टेबलावर उतरतात तेव्हा मांडलेल्या पुस्तकावर निळा-तांबडा प्रकाश पडतो. पण तो डोळ्यांत खुपत नाही. रंगीत काच म्हणजे नुसती शोभा असे मी समजत होते. ती इथे ऊन गाळण्याचे काम करते, आपण पिठाला चाळण लावतो तसे. २०१३ ते २०१५ या काळात या इमारतीची मोठी दुरुस्ती झाली. ती करवून घेतली वास्तुविशारद वृंदा सोमय्या यांनी, आणि रंगीत काचांचे काम सांभाळले स्वाती चांदगडकर यांनी. दोन्ही बायकाच! २०१८ साली या भागातल्या इमारतींचा समूह युनेस्कोने जागतिक वारशात घेतला, त्यात ही इमारतही आहे.

दुसरे डेव्हिड ससून वाचनालय. हे जवळच आहे. १८४७ साली टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण कामगारांनी एकत्र येऊन ही संस्था काढली, आणि १८७० साली तिला ही मालाडच्या पिवळसर दगडाची इमारत मिळाली. मोठमोठ्या इमारतींच्या मानाने हे घर लहानच. पण मला ते सर्वांत आवडले. रस्त्यावर गाड्यांचा नुसता कल्लोळ, आणि मागच्या बाजूला पाहावे तर झाडांची बाग. वर व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्या, त्यांत वृद्ध माणसे पाय पसरून वाचीत बसलेली. कोणाचा डोळा लागला तरी कोणी हटकीत नाही.

या वाचनालयाची एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मूळच्या उतरत्या छपराच्या जागी मधल्या काळात सिमेंटचा स्लॅब घातला होता. अलीकडे दुरुस्ती झाली ती वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली. त्यांनी तो स्लॅब काढून पुन्हा उतरते छप्पर बसवले, आणि २०२३ साली वाचनालय नव्याने खुले झाले. आपण सगळे जुने छप्पर काढून स्लॅब घालायला धावतो. आणि मुंबईसारख्या शहरात स्लॅब काढून छप्पर घालतात! माझ्या वैशाखातल्या त्या रात्रीची मला आठवण झाली.

तिसरे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. जुन्या टाऊन हॉलच्या या इमारतीला १८२१ साली सुरुवात झाली आणि ती १८३३ साली पुरी झाली. पुढे तीस पायऱ्या आणि वर ग्रीक पद्धतीचे जाडजूड खांब. खांब असे, की दोन बायकांनी हात धरले तरी कवेत मावणार नाहीत. दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे इथे येऊन वाचीत बसत. महामहोपाध्याय काणे यांचीही ही बैठकीची जागा. आत गेल्यावर मी उगाच एका रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मनातल्या मनात नमस्कार केला.

पण स्तुतीच करीत बसणे बरे नव्हे. त्या तीस पायऱ्या चढताना माझ्या गुडघ्यांनी त्या वास्तुतज्ज्ञाचा उद्धार केला! इमारत देखणी, पण म्हाताऱ्या माणसाला ती जरा अंतरावरच ठेवते. सुंदर घरालाही खोड असते. आपल्या वाड्याला न्हाणीची होती, हिला पायऱ्यांची आहे. खोड दिसली की ती दुरुस्त करावी. तेवढ्यासाठी घर टाकून देऊ नये.

नणंदेकडे बडोद्याला गेले तेव्हा तिथले मध्यवर्ती ग्रंथालयही पाहिले. सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावले आणि गावोगाव फुकट वाचनालयांचे जाळे उभारले. त्या ग्रंथालयात पुस्तकांचे मजले आहेत, त्यांची जमीन जाड काचेची आहे! पहिल्यांदा पाय टाकताना छातीत धडधडले. पण कारण ऐकल्यावर कौतुक वाटले. वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावर झिरपावा आणि पुस्तक शोधणाऱ्याला दिवा लागू नये, यासाठी ती योजना. राजाच्या पैशाने बांधलेली जागा, पण विचार केला तो कपाटापुढे उभ्या असलेल्या साध्या माणसाच्या डोळ्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, की बाई, हे सगळे शेठसावकारांचे नि राजेमहाराजांचे. आपल्याला त्याचे काय? म्हणून शेवटी जवळचे घर सांगते. कळंबच्या चिंतामणीला हात जोडून देवळीवरून वर्ध्याला जायचे आणि पुढे सेवाग्रामला. आपण मंडळातर्फे तिथे गेलो होतो. पुष्कळजणींना आठवत असेल, पण त्या दिवशी उन्हाने आणि डबे वाटण्याच्या गडबडीने आपण बापूकुटी दहा मिनिटांत उरकली. नंतर मी एकटीच पुन्हा गेले आणि दोन तास बसले.

गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. तेव्हा त्या खेड्याचे नाव शेगाव होते. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली सेवाग्राम झाले. राहण्याचे घर आसपास मिळेल त्याच सामानाचे आणि शंभर रुपयांच्या आत बसले पाहिजे, अशी गांधीजींची अट होती, असे तिथे सांगतात. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू. दुसरे काही नाही. झडपा अशा, की जमिनीवर बसलेल्या माणसाला वारा लागावा, कारण तिथे सगळे जमिनीवरच बसत. आणि ज्या भिंतीपाशी गांधीजी बसत तिथे मातीतच उठावाचे काम आहे, ताडाची झाडे आणि चरखा. ते मीराबेनने आपल्या हाताने केले. एका ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याची ती मुलगी. आपल्या आयाबाया दिवाळीला भिंतीवर मातीची नि चुन्याची जशी नक्षी काढीत, तसेच ते काम आहे. १९७८ साली इव्हान इलिच नावाचे मोठे विचारवंत एका परिषदेसाठी तिथे आले. या कुटीत बसून त्यांच्या मनात आले ते असे, की हे माणसासाठी बांधलेले घर आहे, आणि आपण हल्ली बांधतो ती सामान ठेवण्याची कोठारे असतात. आपल्या घरांतली कपाटे आणि सोफे आठवून पाहा, म्हणजे त्यातले खरे किती ते कळेल.

भगिनींनो, एवढे पाहून मी माझ्यापुरती चार प्रश्नांची एक परीक्षा ठरवली आहे. कोणत्याही घरात गेले की मी ते मनात विचारते. पहिला, आत येणाऱ्याला हे घर या म्हणते की थांब म्हणते? दुसरा, उजेड कुठून येतो आणि तो डोळ्यांना सुखाचा आहे का? तिसरा, वैशाखात इथे वारा फिरेल का? आणि चौथा, इथे कोणाच्या हाताचे काम दिसते का? म्हणजे सुताराचा, गवंड्याचा, मीराबेनसारख्या एखाद्या बाईचा हात. मातीची कुटी या परीक्षेला उतरते आणि काही लाखांचे बंगले उतरत नाहीत. सौंदर्य पैशावर असते तर असे झाले नसते.

आता आपले वाचनालय. परवा मी हे चार प्रश्न घेऊन तिथे गेले. रस्त्यापासून दोनच पायऱ्या, त्याही ठेंगण्या. पुढे लाकडी खांबांची उघडी ओसरी. आत एकच मोठी खोली, वर कवेलू, त्याखाली सागवानी फळ्यांचे छत. दोन्ही अंगांना समोरासमोर खिडक्या, त्यांच्या वर अर्धगोल झडपा आणि त्यांत हिरव्या-पिवळ्या काचांचे तुकडे. तीन फुटल्या आहेत, तिथे पुठ्ठा लावला आहे. दुपारचे तीन वाजले होते आणि पंखा बंद होता. विश्वास ठेवा, घाम आला नाही.

या ओसरीचे माझ्यावर ऋण आहे, ते आज सांगते. मी नवी सून असताना वाचनालयात जाऊ का, असे विचारायचेसुद्धा धाडस नव्हते. माझी पदवी लग्नामुळे अर्धवट राहिली होती. सासूबाईंनी मामंजींपुढे विषय काढला. मामंजी कडक, पण एक दिवस स्वतः जाऊन जागा पाहून आले आणि म्हणाले, "ओसरी उघडी हाय, खिडक्या रस्त्यावर हायेत. जाऊ द्या." दुपारी दोन ते चार बायकांची वेळ असे. त्या खिडकीशी बसून मी पदवीचा अभ्यास केला, त्यातून पुढे शिक्षिका झाले. ती खोली अंधारी असती, माडीवर असती, बोळातून जायची असती, तर मामंजींनी नाही म्हटले असते आणि तिथेच माझे शिकणे संपले असते. ज्या कोणी ती ओसरी बांधली त्यांना माझे नाव ठाऊक असणे शक्य नाही. पण त्यांनी माझी सोय करून ठेवली होती.

ही सोय एकटीपुरती नव्हती. १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन भरले, गदिमा अध्यक्ष होते, तेव्हा गावातल्या आम्ही सहा-सात जणी गेलो. त्या सगळ्या दुपारच्या त्याच खोलीत ओळख झालेल्या. २०१९ साली यवतमाळला पुन्हा संमेलन झाले आणि अध्यक्षस्थानी अरुणाताई ढेरे होत्या. त्या वेळी सहांपैकी आम्ही दोघीच उरलो होतो. आम्ही हात धरून मंडपात बसलो.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळींना मी दोष देत नाही. अनुदान पुरत नाही, ग्रंथपालांचा पगार थकतो, छप्पर गळते, एका कपाटाला वाळवी लागली आहे. गाळ्यांचे भाडे आले तर पुस्तके घेता येतील, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. आम्ही वाडा पाडला तेव्हा आमचेही म्हणणे खोटे नव्हते. पण नव्या नकाशात वाचनालय वरच्या मजल्यावर आहे, बावीस पायऱ्या चढून. ओसरी नाही. खिडक्या एकाच बाजूला, त्याही सरकत्या काचेच्या, पश्चिमेकडे तोंड करून. आपल्यापैकी किती म्हाताऱ्या वर जातील? आणि दुकानांच्या मधल्या जिन्यावरून संध्याकाळी आपल्या नाती एकट्या जातील का? याचे उत्तर सभेत बायकांनीच द्यायला पाहिजे. कारण जिना चढायचा आहे तो आपल्याला.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, या रविवारी चार वाजता आपण सगळ्यांनी वाचनालयात जमावे. भाषण नाही, चहा नाही. एक तास नुसते बसावे आणि मान वर करून पाहावे. दुसरी, सभेत कोणतेही मत देण्याआधी दुरुस्तीला खर्च किती येईल त्याचा अंदाज जाणत्या माणसाकडून करवून घ्यावा, अशी आपण मागणी करावी. छप्पर उतरवून कवेलू फेरणे, वाळवीचे लाकूड बदलणे, काचा बसवणे, आणि हो, बायकांसाठी एक नीट न्हाणीघर बांधणे. राजूरचा चुना आपल्या जिल्ह्यात आहे, साग आपल्या जिल्ह्यात आहे. जुन्या कामाचे सुतार थोडे उरले आहेत, पण शोधले तर सापडतील. मागच्या आवारात जागा रिकामी आहे, गाळे काढायचेच असतील तर तिथे काढता येतील का, तेही विचारावे. तिसरी, हे सगळे पाहूनही पाडायचेच ठरले, तर नवी खोली तळमजल्यावर असावी, तिला ओसरी असावी आणि समोरासमोर खिडक्या असाव्यात, एवढे तरी लिहून घ्यावे. त्या वेळी मी हट्ट धरणार नाही.

पैशांचे म्हणाल, तर आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या फराळाच्या विक्रीतून दरवर्षी जे उरते त्यातून खिडक्यांच्या काचा तरी बसतील. अध्यक्षीणबाईंना मी हे आधी विचारलेले नाही, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी!

जाता जाता एक सांगते. वाचनालयाच्या ओसरीचा उजवीकडचा शेवटचा खांब बुडाशी कुजला आहे. तो आज ना उद्या बदलावा लागेल. माझ्या अंगणात एक खांब पडला आहे, थोडा चिरलेला, पण लाकूड अजून खणखणीत आहे. दर दिवाळीला मी त्याला तेल लावते. तो त्या मापात बसतो की नाही हे सुताराने येऊन पाहावे. बसला तर घेऊन जावा.